पत्रिका नको, पण चार अक्षरं जुळायला हवीत म्हणे!

कुंदा_कर्वेनगर

परवापासून सोसायटीच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. लिहिणारे कोणी 'विवाहपूर्व व्यक्तिमत्त्व मार्गदर्शक' आहेत. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्या भाग्यवंतांसाठी मतितार्थ असा: युंग नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने माणसांचे १६ प्रकार आणि १२ आर्किटाइप (म्हणजे मनातले मूळ साचे) शोधून काढले, ते जगभर सिद्ध झालेत, तेव्हा सुशिक्षित पुणेकरांनी आता पत्रिका सोडावी आणि मुलामुलीची चार अक्षरं, म्हणजे टेस्टमध्ये ज्याच्या त्याच्या प्रकाराला मिळणारी इंग्रजी अक्षरं, जुळवावीत. अंतर्मुख मुलगी बहिर्मुख घरात दिली की पाच वर्षांत कोर्टाची पायरी. खाली फोन नंबर, आणि 'दोघांनी मिळून केल्यास सवलत'.

एरवी मी असल्या पोस्टला अंगठा दाखवते आणि पुढे जाते. पण गेल्या महिन्यात याच चार अक्षरांपायी आमचं एक स्थळ मोडलं, म्हणून आज बैठक मारून लिहितेय.

मुलगा कोथरूडचा. पहिल्याच फोनवर त्याची आई म्हणाली, "आम्ही पत्रिका बघत नाही हं." मी मनात म्हटलं, सुटलो. माझ्या वेळी एकनाड निघाली म्हणून तीन स्थळं परत गेली होती. दोन भेटी झाल्या, एक त्यांच्या घरी, एक दोघांचीच कॉफीची. मुलीला मुलगा आवडला होता. ती बोलली नाही, पण निघताना दोनदा ड्रेस बदलला त्यावरून मला कळलं. मग त्यांच्याकडून एक लिंक आली. 'सहज भर, गंमत म्हणून.' हिने ती ऑफिसातून येताना बसमध्ये, डेक्कनपासून घरापर्यंत, दांड्याला लटकून भरली. निकाल आयएसटीजे. त्यातला 'आय' म्हणजे अंतर्मुख, 'ई' असता तर बहिर्मुख. चार दिवसांनी आईचा फोन: "मुलगी छानच आहे हो तुमची. पण आमचा ईएनएफपी. सगळंच उलटं येतंय."

हाच सूर मी १९९१ साली ऐकलाय. शब्द तेवढे नवे.

मी मानसशास्त्राची नाही. ३१ वर्षं बँकेत काढली, कॅश आणि कर्ज. पण राग आला की मी वाचते. युंगचं प्रकारांवरचं पुस्तक १९२१ चं. त्यात दोन कल आहेत, अंतर्मुख आणि बहिर्मुख, आणि चार कार्यं: विचार, भावन, संवेदन, अंतःस्फूर्ती. बे चोक आठ. सोळा कुठून आले? अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स, या मायलेकींनी केले. दोघींपैकी एकीकडेही मानसशास्त्राची पदवी नव्हती. चौथ्या अक्षराची भर त्यांचीच. आणि खुद्द युंगने १९३४ साली, आपल्या त्याच पुस्तकाच्या अर्जेंटिनातल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कुरकूर केलीय की माणसांवर अशा चिठ्ठ्या डकवत बसणं हा निव्वळ पोरखेळ आहे.

आता कोणीतरी मला सांगा की यात आणि एकनाडीत फरक काय. शक्यतो सवलत न देता.

पेठेतला_एक

मथितार्थ. 'मतितार्थ' असा शब्द मराठीत नाही. मंथन करून जो निघतो तो मथितार्थ.

बाकी, मूळ पोस्टमध्ये 'जंग' असं होतं, ते तुम्ही 'युंग' करून घेतलंत याबद्दल आभारी आहे. जंग लोखंडाला चढतो.

हिंजवडीग्रस्त

कुंदाताई, तुमचं स्थळ गेलं, माझं ऑनसाइट गेलं.

२०१७ ची गोष्ट. कंपनीने दोन दिवस लोणावळ्याला नेलं. बुफे, फुगे, आणि एक कोट घातलेला माणूस. सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतला आणि गळ्यातल्या कार्डावर ज्याची त्याची अक्षरं चिकटवली. मला 'आय' निघाला. हसलो, भजी खाल्ली, परत आलो. सहा महिन्यांनी क्लायंटकडे कोणाला पाठवायचं हे ठरत होतं. दीड वर्ष ते मॉड्यूल मी सांभाळत होतो. मॅनेजर अगदी प्रेमाने म्हणाला, "तू इंट्रोव्हर्ट ना रे, तुला तिथे त्रास होईल." गेला दुसराच. तो बोलतो भरपूर. काय बोलतो ते अजून क्लायंट शोधतोय.

मी अकरा वर्षं ढोल पथकात आहे. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर अख्ख्या पुण्यासमोर वाजवतो. तिथे त्रास होत नाही, क्लायंटच्या सहा माणसांसमोर होणार होता!

तेव्हा चिठ्ठ्या डकवणाऱ्यांना एक दिवस ढोलाखाली उभं करा, एवढंच माझं मत.

गप्प_गप्प

मी उलट बाजूने बोलणार आहे, सगळे मारायला येतील माहितीये.

लहानपणापासून मी घरात 'माणूसघाणी' आणि 'शिष्ट'. मावसबहिणीच्या लग्नात घर पाहुण्यांनी भरलेलं, तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर टाकीच्या मागे जाऊन बसले. तासाभराने शोधाशोध. कोण काय बोललं तिला, कोणाशी बिनसलं, आत्याने तर सरळ विचारलं की 'कोणी मुलगा वगैरे आहे का'. कोणीच काही बोललेलं नव्हतं. मला फक्त आवाज नको झाला होता. हे मी सांगितलं, पण ते कारण म्हणून कोणाला चालेना.

२०२० मध्ये सगळे घरात अडकलेले असताना मी ती टेस्ट दिली. आयएनएफपी. निकालाच्या पानावर लिहिलं होतं की गर्दीत थकणं हा दोष नसतो, काही माणसांची घडणच तशी असते. मी ते आईला वाचून दाखवलं. आता आई पाहुण्यांना स्वतः सांगते, 'तिला जरा तिचं तिचं राहू द्या.'

शास्त्रीय आहे की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या घरात शांतता त्या पानाने आणली.

विवेकी_विंचू

गप्प_गप्प, राग मानू नका, पण हीच जुनी युक्ती आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' व्यक्तिचित्र लिहून दिलं. ते कितपत जुळतं याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग त्याने सांगितलं की मजकूर सगळ्यांना एकच होता आणि तो पेपरच्या टपरीवरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललाय. 'तुम्ही वरून शांत दिसता पण आतून काळजी करता.' कोण नाही करत?

शिवाय माणसं अशी दोन खणांत विभागलेली सापडतच नाहीत. मोजायला गेलं तर बहुतेक सगळे मधे. अंतर्मुख-बहिर्मुख ही उंचीसारखी गोष्ट आहे. पाच फूट सहा इंचांवर रेघ मारून 'बुटके' आणि 'उंच' असे दोन प्रकार केलेत, तर पाच फूट पाच आणि पाच फूट सातचे सख्खे शेजारी वेगळ्या जातीचे होतात.

तुम्हाला मोकळं केलं ते चार अक्षरांनी नव्हे, तुमच्या आईने ऐकून घेतलं त्याने.

गप्प_गप्प

आणि आईने त्याआधी चोवीस वर्षं का नाही ऐकलं? कारण तेव्हा मी सांगत होते. छापील पान सांगत नव्हतं.

विवेकी_विंचू

हे मात्र बिनतोड आहे. दुर्दैवाने.

निवृत्त_मास्तर

राहवेना म्हणून लिहितो. तीस वर्षं हा विषय शिकवला, त्यातली अर्धी 'युंग म्हणजे फ्रॉइडचा बिघडलेला शिष्य नव्हे' हे पटवण्यात गेली.

कुंदाताई, राग रास्त, पण मायलेकींचं बिल युंगच्या नावावर फाडू नका. तुम्ही ते फाडलं नाहीत, खाली मात्र फाटायला लागलंय.

या प्रकारांचा जन्म कशातून झाला ते बघा. रुग्ण एकच, मानसतज्ज्ञ दोन. फ्रॉइड म्हणतो, मुळाशी कामप्रेरणा. ॲडलर म्हणतो, न्यूनगंड आणि वरचढ होण्याची धडपड. दोघंही बुद्धिमान, दोघांनाही आपलंच दिसतं. १९१३ मध्ये फ्रॉइडशी फाटल्यावर युंगला हे छळत राहिलं की दोन शहाणी माणसं एकाच गोष्टीकडे बघून इतकं वेगळं कसं पाहतात? म्हणजे घडण बघणाऱ्याचीच वेगळी असली पाहिजे. तेव्हा हा खटाटोप 'मला हे असंच का दिसतं' इथून सुरू झालाय. समोरच्याला खणात टाकण्यासाठी नाही.

दुसरं, 'भावन'. टेस्टवाले 'एफ', म्हणजे फीलिंग, निघाला की हळवा, रडूबाई असं सांगतात. युंगच्या लेखी विचार आणि भावन ही दोन्ही विवेकी कार्यं आहेत, कारण दोन्ही निवाडा करतात. वाडा बिल्डरला द्यायचा की नाही यावर घरात भांडण होतं ना? एक भाऊ म्हणतो, चौरस फुटाला अमुक मिळतायत. बहीण म्हणते, आजीने लावलेला पारिजातक जाईल. भाऊ तिला म्हणतो, भावनिक होऊ नकोस. अहो, ती हिशेबच करतेय. फक्त तिच्या तराजूत वजनं वेगळी आहेत.

आणि तिसरं कोणीच सांगत नाही. जे कार्य पुढे येतं त्याच्या समोरचं मागे पडतं आणि कच्चं राहतं. ते कुठे जात नाही, दबा धरून बसतं. जन्मभर ताळेबंद मांडणारा माणूस साठीला एकदम कुण्या बुवाच्या पायाशी फ्लॅटची कागदपत्रं ठेवतो, ते हे. आमच्या नात्यात झालंय. टेस्टच्या निकालात असलं काही वाचलंत? त्यात फक्त तुमचे सद्गुण. १९५७ च्या एका मुलाखतीत युंग स्वतः म्हणाला की निखळ अंतर्मुख किंवा निखळ बहिर्मुख माणूस नसतोच, असला तर वेड्यांच्या इस्पितळात सापडेल. तेव्हा विंचूसाहेब, तुमचं उंचीचं उदाहरण युंगला मान्यच झालं असतं.

राहिले १२ आर्किटाइप. तो तक्ता अलीकडचा, साबण आणि गाड्यांच्या ब्रँडवाल्यांच्या कामाचा. युंगने बाराची यादी कधी दिली नाही. आपल्याकडे समीक्षेत ज्याला आदिबंध म्हणतात तो साचा आहे, मूर्ती नव्हे. द्रावणात स्फटिक कुठल्या अक्षांवर वाढणार हे ठरलेलं असतं, पण म्हणून स्फटिक तिथे आधीच बसलेला नसतो, हा त्याचाच दाखला. मूर्ती समाज घडवतो. आपला खंडोबाच घ्या. घरातली, रीतीभातीची म्हाळसा, आणि रानातली, मन ओढून नेणारी बाणाई. पुरुषाच्या नेणिवेतल्या, म्हणजे मनाच्या त्याला स्वतःलाही न कळणाऱ्या भागातल्या, स्त्रीप्रतिमेची, ॲनिमाची, ही दोन रूपं याहून स्वच्छ कुठे दिसणार?

कऱ्हेकाठ

मास्तर, तुमचं बाकीचं निम्मं कळलं, निम्मं नाही. पण जेजुरीत पाय ठेवलात म्हणून बोलतो.

दोन कोणी सांगितल्या? पाच आहेत. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, आणि चंदाई तेलीण, तिला मुसलमान आपली मानतात. पाच बायका म्हणजे पाच ॲनिमा का? का तुमच्या पुस्तकात दोनचीच जागा होती म्हणून बाकीच्या तिघींना पायरीवरच बसवलंत?

बाणाईचं देऊळ कुठे आहे ते चढून बघा. गडाच्या अर्ध्या वाटेवर. म्हाळसा वर, देवाशेजारी. हे पुरुषाच्या मनाचं चित्र नाही, कोणाच्या मानाची पायरी कुठे त्याची वाटणी आहे. देवाने ज्या ज्या समाजात सोयरीक केली तो तो समाज गडावर आला. आमच्याकडे पोराचं लग्न झालं की जागरण गोंधळ होतो, वाघ्या-मुरळी रात्रभर गातात. म्हाळसा बाणाईला मेंढरांवरून टोमणे मारते, बाणाई उलट देते. ते ऐकताना आमच्या आजीला नेणीव दिसली नाही, शेजारच्या आळीतली भांडणं दिसली.

जर्मनीचे अभ्यासक सोन्थायमर इथे येऊन वर्षानुवर्षं धनगरांबरोबर हिंडले, जेजुरीच्या वाऱ्या केल्या आणि मग लिहिलं. तुम्ही झुरिकहून साचा आणलात आणि आमचा देव त्यात ओतलात.

निवृत्त_मास्तर

पाच हे विसरलो होतो, कबूल. विसरलो म्हणजे सोयीने विसरलो असंही म्हणा.

पण एक सांगा. मानाची वाटणी गावोगाव होते, पाणवठ्याची होते, बैलपोळ्याची होते. त्यांची गाणी होत नाहीत. या दोघींचं भांडण ऐकायला माणसं रात्रभर का बसतात? ज्यांचा धनगरांशी काही संबंध नाही तीसुद्धा?

कऱ्हेकाठ

कारण पहाटे जेवण असतं.

विवेकी_विंचू

कऱ्हेकाठ यांना दंडवत.

मास्तर, हे काम आपल्या पुण्यात आधीच होऊन गेलंय. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी भांडारकर रोडला राहायचे आणि टेकड्या पायी तुडवून देवळं आणि शेंदूर फासलेले दगड बघायचे. वाकडच्या म्हातोबावर, म्हणजे म्हसोबावरच, त्यांनी लिहिलंय. त्याची बायको जोगूबाई. म्हणजे एकीकडे देवी म्हसोबाला मारते, महिषासुरमर्दिनी होते, आणि दुसरीकडे तोच देवीचा नवरा म्हणून नांदतो! कोसंबींचं म्हणणं असं की गुराख्यांचे देव आले तेव्हा आधीच्या लोकांच्या देवी इथे होत्याच. जिथे भांडण झालं तिथे वध, जिथे जमलं तिथे लग्न. यासाठी युंगची सामूहिक नेणीव, म्हणजे सगळ्या माणसांत म्हणे सारखीच असते ती, लागत नाही. कुरणं आणि वाटा पुरतात.

आणि त्या नेणिवेचा युंगचा लाडका पुरावा काढू का? झुरिकच्या बुर्गहोल्त्स्ली या वेड्यांच्या इस्पितळातला एक रुग्ण म्हणायचा की सूर्याला एक नळी लोंबते आणि वारा तिथून येतो. मिथ्रपंथ या प्राचीन रोमन काळातल्या पंथाच्या एका जुन्या पोथीत तेच निघालं. युंग सांगत राहिला की पोथी १९१० ला छापली, रुग्णाला माहीत असणं शक्यच नाही. ती १९१० ची दुसरी आवृत्ती होती. पहिली १९०३ ची. आणि रुग्णाशी बोलणारा युंग नव्हेच, त्याचा सहायक. बँकेत असल्या कागदावर कर्ज मिळतं का, कुंदाताई?

कुंदा_कर्वेनगर

मिळतं. आमच्याकडून नाही, पण मिळतं.

निवृत्त_मास्तर

त्या सूर्याच्या नळीवर मी वर्गातही बोलत नसे. एवढं पुरे की कान पकडून उठाबशा काढू?

तुम्हा लोकांचं हेच खटकतं. एक दाखला फुसका निघाला की अख्खा माणूस रद्दीत. तुम्ही कधी रात्री दचकून उठलायत का हो? स्वप्नातला माणूस कोण होता हे विचारत बसलायत का? तुमच्यासमोर एखादं पोर येऊन म्हणालं, सर, मला रोज तेच स्वप्न पडतं, तर त्याला विदा, म्हणजे आकडेवारी, मागणार?

विवेकी_विंचू

डॉक्टरकडे पाठवीन. स्वप्नाचा अर्थ सांगून फी घेणार नाही.

निवृत्त_मास्तर

मी आयुष्यात एका विद्यार्थ्याकडूनही फी घेतलेली नाही. हे वाक्य मागे घ्या.

विवेकी_विंचू

तुम्हाला उद्देशून नव्हतं. मागे घेतो. मूळ पोस्टवाल्यांना उद्देशून कायम.

हिंजवडीग्रस्त

एक मिनिट. वाकडचा म्हातोबा म्हणजे ज्याच्या बगाडाला आमचा रस्ता बंद असतो तोच का? दर चैत्री पौर्णिमेला मी कंपनीच्या गेटपासून पुलापर्यंत दीड तास. हे आदिबंध-बिदिबंध असेल ते असो, पोलिसांनी आधी कळवायला नको?

कऱ्हेकाठ

पंचांगात दिलेलं असतं. वर्षभर आधी.

हिंजवडीग्रस्त

आमच्या कॅलेंडरला सुट्टी नसते हो त्याची.

कऱ्हेकाठ

बगाड तुमच्या कॅलेंडरच्या आधीचं आहे. भाताची खाचरं होती तिथे तुमचं गेट आहे.

अरुणाचल_शरण

विषय युंगचा निघालाच आहे म्हणून. १९३७ च्या शेवटी हा मनुष्य भारतात आला. विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाचं आमंत्रण होतं. कलकत्त्यात आमांशाने इस्पितळात पडला. दक्षिणेत गेला, पण रमण महर्षींना मुद्दाम भेटला नाही. आत्म्यावर इतकं लिहिणाऱ्याने दारात येऊन पाठ फिरवली. मंडल हा शब्द आपला, कुंडलिनीवर झुरिकमध्ये व्याख्यानं दिली ती आपल्या जोरावर, आणि भेटायची वेळ आली तेव्हा पोट बिघडलं. त्याचं मी काही वाचत नाही.

पेठेतला_एक

न वाचता मत देण्याची परंपराही आपलीच.

स्वतःचा_शोध

नमस्कार. मूळ पोस्ट माझी आहे. कोणीतरी हा धागा पाठवला म्हणून आलो.

१६ हा आकडा युंगचा नव्हे, मायर्स-ब्रिग्जचा, हे बरोबर. पोस्ट तीन मिनिटांत वाचून व्हावी लागते, तिथे इतिहास लिहीत बसलो तर कोणी वाचणार नाही. १२ चंही तसंच. बाकी इथे जे चाललंय ते पाहून मौज वाटली. तुम्ही आवृत्त्यांची सालं मोजा, मी संसार वाचवतो.

एकच उदाहरण देतो. सिंहगड रोडचं जोडपं, नावं अर्थात नाही. दर रविवारी भांडण. त्याला मित्रांकडे जायचं, हिला घरी पडून राहायचं. तो म्हणतो तुला माझी माणसं आवडत नाहीत, ती म्हणते तुला मीच आवडत नाही. चार सेशन्स झाली. आता तो एकटा जातो आणि येताना तिच्यासाठी मिसळ आणतो. भांडण संपलं. कुठल्या आकडेवारीने झालं असतं हे?

आणि पत्रिकेला एवढं हसताय म्हणून सांगतो, युंगने स्वतः विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तपासल्या होत्या. योगायोगांवरच्या त्याच्या लेखनात आहे. थोर माणसं असली दारं बंद करत नाहीत.

विवेकी_विंचू

तपासल्या होत्या. पुढे काय झालं तेही सांगा ना. पहिल्या १८० जोडप्यांत चंद्र-सूर्याची काहीतरी जुळवाजुळव दिसली. मग भर घालत घालत ४८३ जोडपी झाली आणि ती विरून गेली. हे त्याने स्वतःच लिहिलंय, एवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता. (मास्तर, नोंद घ्या, मी युंगची स्तुती केली.)

आणि कलकत्ता-झुरिक कशाला? आपल्याकडे नारळीकर, कुंटे, दाभोलकर, घाटपांडे यांनी मिळून चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलं, १०० मतिमंद मुलं, त्यांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०, सांगा कोणतं मूल कुठल्या गटातलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५०.

तुमच्या चार अक्षरांची अशी परीक्षा घेऊ. सुखात नांदणारी शंभर जोडपी आणि विभक्त झालेली शंभर, फक्त अक्षरं तुमच्यापुढे. येताय?

स्वतःचा_शोध

माणसं म्हणजे नाणी नाहीत.

कुंदा_कर्वेनगर

थांबा थांबा. म्हणजे पोस्टमध्ये पत्रिका सोडा, आणि इथे पत्रिकेलाही दार उघडं! दोन्ही दुकानांच्या किल्ल्या तुमच्याकडेच दिसतायत.

मिसळीबद्दल तुमचं कौतुक आहे, उपरोधाने नाही म्हणत. पण त्या जोडप्याचं लग्न आधी झालेलं होतं. त्यांनी एकमेकांना समजून घ्यायला तुमची अक्षरं वापरली. तुमच्या पोस्टवरून आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे होऊ न शकलेल्या, माझ्या मुलीला समजून न घ्यायला वापरली. हा फरक तुमच्या तीन मिनिटांत बसला असता की नाही?

आणि ऐका पुढचं. परवा मुलीने रागाने टेस्ट परत भरली. रविवारी, पंख्याखाली, श्रीखंड-पुरी खाऊन. ईएसएफजे आलं. म्हणजे बसमध्ये लटकत असताना माझी मुलगी अंतर्मुख आणि कठोर असते. पीएमटीत कोण नसतं?

स्वतःचा_शोध

थकलेलं असताना भरू नये, तशी सूचना वर दिलेली असते. पण 'समजून न घ्यायला' हे वाक्य लागलं. पुढच्या पोस्टमध्ये लिहीन की स्थळ नाकारायला वापरू नका. सवलत मात्र राहील, भाडं मलाही भरायचंय.

पेठेतला_एक

आमच्या चिरंजीवांनीही मला ती परीक्षा द्यायला बसवलं होतं. एक प्रश्न होता, 'इतरांच्या चूका दाखवून देण्यात तुम्हाला आनंद मीळतो का?' दोन चुका. मी उत्तर न देता त्या दुरुस्त केल्या. प्रकार कोणता ते त्याने सांगितलं नाही, नुसता हसत गेला.

गप्प_गप्प

काकू, एक विचारू? मगाचपासून डोक्यात आहे. तुम्ही सगळं त्याच्या आईचं सांगितलंत. पहिला फोन आईचा, नकाराचा फोनही आईचा. लिंकसुद्धा 'त्यांच्याकडून' आली असं लिहिलंय. मुलगा स्वतः काय म्हणाला? आणि तुमची मुलगी?

कुंदा_कर्वेनगर

आईने सांगितलं म्हणजे झालंच ना.

हिंजवडीग्रस्त

नाही झालं काकू. माझ्या मॅनेजरनेही माझ्यासाठी परस्परच ठरवलं होतं.

संपादक

म्हाळसा-बाणाई आणि वाकडच्या बगाडावरचे पुढचे ३४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. तिथे वैयक्तिक शेरे टाळावेत. कऱ्हेकाठ आणि निवृत्त_मास्तर यांनी एकत्र जेजुरीला जाऊन यावं ही सूचना संपादक मंडळाची नाही, एका वाचकाची आहे, पण मंडळाला मान्य आहे.

निवृत्त_मास्तर

गुडघे आहेत. बाणाईपर्यंत येईन.

कऱ्हेकाठ

तेवढं बास. वरचं मी सांगतो.

कुंदा_कर्वेनगर

गप्प_गप्प, तुझ्या प्रश्नाने काल झोप लागली नाही, म्हणून सकाळी मुलीला विचारलं. दोघं अजून बोलतात. गेल्या रविवारी ती 'मैत्रिणीबरोबर' तळजाईला गेली होती ती मैत्रीण म्हणजे हाच. लिंक त्याने पाठवलीच नव्हती, त्याच्या आईने त्याच्या फोनवरून पाठवली होती. मला एका शब्दाने सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "तू लगेच धागा काढला असतास."

संपादक, माझं टोपणनाव बदलून मिळेल का? निदान 'कर्वेनगर' तरी काढा.